एलपीएन ते आरएन: नोकरी सांभाळून स्वतःच्या स्वतः अभ्यास कोणी केलाय का?

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी. तीन वर्षं इथं नुसती वाचतेय, आज पहिल्यांदा धागा काढतेय. लांबलाय थोडा, सांभाळून घ्या.

मी मूळची कराडकडची. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग एएनएमचा नर्सिंग कोर्स, मग दोन वर्षं उपकेंद्रात कंत्राटी नोकरी, मग लग्न होऊन न्यू जर्सीत. माझ्या कागदांवर इथं लायसन्स काही मिळालं नाही म्हणून पुन्हा पहिल्यापासून इथल्या व्होकेशनल स्कूलमध्ये प्रॅक्टिकल नर्सिंगचा कोर्स केला, एनक्लेक्स-पीएन ही लायसन्सची परीक्षा पास झाले आणि आता सहा वर्षं नर्सिंग होममध्ये एलपीएन आहे, म्हणजे लायसन्स असलेली प्रॅक्टिकल नर्स, आरएनच्या (रजिस्टर्ड नर्सच्या) हाताखाली. दुपारी तीन ते रात्री अकरा, सव्वीस आजी-आजोबा, एक औषधांची गाडी आणि मी.

आरएन व्हायचंच हे कधी ठरलं ते सांगते. आमच्याकडे एक आजोबा होते, हृदयासाठी डिगॉक्सिन चालू, पायावर सूज म्हणून फ्युरोसेमाइडपण (लघवीवाटे पाणी काढणारी गोळी) चालू. दोनतीन दिवस ताटातलं तसंच ठेवत होते. एका संध्याकाळी मी गोळ्या घेऊन गेले तर म्हणाले, दिव्याभोवती पिवळं पिवळं दिसतंय. मी छातीवर स्टेथो ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजले, ५२ भरले. गोळी दिली नाही, आरएनला बोलावलं, तिने डॉक्टरांना फोन केला, रक्त तपासायला गेलं आणि पोटॅशियम २.९ आलं. आजोबा वाचले. पण मी नोंद केली होती ती एवढीच, की जेवण कमी, ठोके ५२, पेशंट असं असं म्हणतो. त्याचा अर्थ काय हे लिहिणं माझं काम नव्हतं. पाण्याच्या गोळीने पोटॅशियम उतरलं आणि पोटॅशियम उतरलं की डिगॉक्सिन अंगात चढतं, हे सगळं मी घरी येऊन रात्री एक वाजता वाचलं आणि मग झोपच आली नाही. तो अर्थ मला स्वतःला लावता यायला हवा, एवढंच डोक्यात.

आता चूक सांगते, म्हणजे दुसऱ्या कुणाची व्हायला नको. दोन वर्षांपूर्वी एका कंपनीचा फोन आला. घरबसल्या आरएन, क्लासला जायची गरज नाही, तुमच्या वेळेने अभ्यास करा, परीक्षा द्या. बाई फार गोड बोलली, माझ्या शिफ्टची, मुलांची सगळी चौकशी केली. मी महिना १८० डॉलरच्या हप्त्यावर सही केली. खोकं भरून पुस्तकं आली. मी त्याला कॉलेजच समजत होते हो! सात महिने पहाटे उठून वाचलं. मग राज्याच्या नर्सिंग बोर्डाला फोन केला की माझं इथवर झालंय, पुढचा फॉर्म कुठला, तर तिथल्या बाईंनी विचारलं शाळेचं नाव काय. सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, या नावाची नर्सिंग स्कूल आमच्या यादीत नाही. ती पुस्तकं छापून विकणारी कंपनी निघाली. परीक्षा घेणारं कॉलेज वेगळं, त्याची फी वेगळी, आणि कॉलेजला त्या खोक्याशी काही देणंघेणं नाही. करारात बारीक अक्षरात हे सगळं होतं. हप्ते पूर्ण भरावे लागले.

पण वाचायची सवय लागलीय आणि ती मोडायची नाहीये. कोणी असं नोकरी करता करता, स्वतः अभ्यास करून एलपीएनची आरएन झालंय का? स्वतः काय करता येतं, काय येत नाही, सुरुवात कुठून करायची, वेळ कसा काढला, जे आठवेल ते लिहा.

---

क्वीन्सकर मावशी

कोयनाकाठ, मी केलंय. २०१२ साली, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी. आधी रडून घे पोटभर त्या १८० डॉलरवर आणि मग उठ, कारण वाचलेलं वाया जात नाही.

सगळ्यात आधी एक डोक्यात पक्कं बसव. अमेरिकेत नुसता अभ्यास करून एनक्लेक्स-आरएनला बसता येत नाही. बोर्डाने मान्य केलेल्या नर्सिंग प्रोग्रॅमची पदवी किंवा डिप्लोमा लागतोच. स्वतः अभ्यास करायचा तो त्या पदवीकडे जाणाऱ्या परीक्षांसाठी. या दोन गोष्टींमधल्या फटीतच ते पुस्तकवाले उभे असतात.

मी एक्सेल्सियर नावाच्या कॉलेजातून केलं. १९७१ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या शिक्षण मंडळाने, म्हणजे रीजंट्सनी, हा बाहेरून पदवी घ्यायचा कार्यक्रम काढला, ज्यांना रोज वर्गात जाऊन बसणं शक्य नाही अशा मोठ्या माणसांसाठी. कुठं शिकलात त्यापेक्षा काय येतं ते तपासायचं, असा विचार. नंतर रीजंट्स कॉलेज, २००१ पासून एक्सेल्सियर कॉलेज, २०२२ पासून युनिव्हर्सिटी. ऑफिस आल्बनीला. नर्सिंगची असोसिएट पदवी तिथं कोऱ्या पाटीच्या माणसाला नाही, आधीच एलपीएन वगैरे असलेल्याला.

माझ्या वेळी थिअरीच्या सगळ्या परीक्षा सेंटरवर जाऊन द्यायच्या आणि शेवटी एक शनिवार-रविवार गाठून हॉस्पिटलात प्रत्यक्ष परीक्षा. सीपीएनई म्हणायचे. शुक्रवारी संध्याकाळी सुरू, रविवारी संपणार. खरे पेशंट, दोन मोठे एक लहान मूल, प्रत्येकासाठी अडीच तास, त्यात केअर प्लॅन लिहायचा, काळजी घ्यायची, नोंदी करायच्या, आणि एक बाई हातात क्लिपबोर्ड घेऊन कोपऱ्यात उभी. एक महत्त्वाची पायरी चुकली की ती फेरी तिथंच संपली. माझी पहिली खेप तशीच गेली. पेशंटच्या मनगटावरचा नावाचा पट्टा वाचायच्या आधी मी त्याची उशी सारखी करायला गेले. उशी! वीस वर्षांची सवय, आजारी माणूस वाकडा दिसला की हात जातोच. आता ती पद्धत कॉलेजने बदललीये तेव्हा माझ्या वेळचं जसंच्या तसं धरू नकोस, तिथंच विचार. पण तयारी कशी केली ते सांगते कारण कुठल्याही क्लिनिकलला, म्हणजे हॉस्पिटलातल्या प्रत्यक्ष कामाला, उपयोगी पडेल.

बाथरूमच्या पडद्याच्या दांडीला जुनी सलाईनची पिशवी टांगली होती, सहा महिने. ५० मिली, अर्ध्या तासात द्यायचं, मिलीला १५ थेंबांचा सेट, म्हणजे ५० गुणिले १५ भागिले ३०, मिनिटाला २५ थेंब. घड्याळ लावून थेंब मोजायचे, चाक फिरवायचं, पुन्हा मोजायचे. नवरा दात घासत उभा राहायचा आणि तोही मोजायचा. संत्र्यात इंजेक्शनं मारली. प्रत्येक पायरी मोठ्याने बोलत करायची, हात धुतले, पट्टा वाचला, नाव विचारलं, जन्मतारीख विचारली. मुलगी म्हणायची आई झोपेतपण जन्मतारीख विचारते.

---

फळा_खडू

मी पेनसिल्व्हेनियात कम्युनिटी कॉलेजच्या नर्सिंग विभागात शिकवते, अकरा वर्षं झाली. मावशींना पूर्ण अनुमोदन, थोडी भर घालते.

कोयनाकाठ, पैसे भरायच्या आधी तीन फोन. एक, तुमच्या राज्याचं बोर्ड: या प्रोग्रॅमच्या पदवीवर मला इथं एनक्लेक्स-आरएनला बसता येईल का, आणि उत्तर ईमेलवर लेखी मागा. राज्याराज्यांत फरक आहे, उदाहरणार्थ कॅलिफोर्नियाचं बोर्ड डिसेंबर २००३ नंतर एक्सेल्सियरला प्रवेश घेतलेल्यांना त्या पदवीवर लायसन्स देत नाही. उद्या नवऱ्याची बदली झाली तर कुठं जाल हा विचारपण आजच करा. दुसरा फोन मान्यतेसाठी, एसीईएन किंवा सीसीएनई या संस्थांच्या यादीत नाव आहे का. तिसरा कॉलेजच्या रजिस्ट्रारला, आधी केलेल्या विषयांचे माझे कुठले क्रेडिट तुम्ही धराल.

हा तिसरा फोन लोक विसरतात आणि खरी बचत तिथंच असते. इंग्रजी, सायकॉलॉजी, सोशिऑलॉजी, माणसाची वाढ आणि विकास, हे विषय क्लेप परीक्षेने सुटू शकतात. कॉलेज बोर्ड नावाच्या संस्थेची परीक्षा आहे, दीड तासाची, फी शंभर डॉलरच्या आसपास, गुण २० ते ८० मध्ये, ५० आले की बहुतेक ठिकाणी क्रेडिट. मॉडर्न स्टेट्स म्हणून संस्था आहे, तिचा फुकट कोर्स पूर्ण केला की क्लेपच्या फीचं व्हाउचरपण मिळतं. हा खराखुरा स्वतः करायचा अभ्यास. अॅनाटॉमी आणि मायक्रोबायोलॉजी मात्र क्लेपमध्ये नाही, त्याला लॅबसकट कोर्स लागतो, आणि किती वर्षं जुना चालेल हे प्रत्येक कॉलेजचं वेगळं. वाचायला राइस युनिव्हर्सिटीच्या ओपनस्टॅक्सवर अॅनाटॉमीचं पूर्ण पाठ्यपुस्तक फुकट आहे. खोकं विकत घ्यायची गरज नाही.

आणि आपल्या गावातल्या कम्युनिटी कॉलेजात एलपीएनसाठी ब्रिज, म्हणजे एलपीएनवरून आरएनला नेणारा कोर्स, आहे का तेपण बघा. बऱ्याच ठिकाणी पहिल्या वर्षाची सूट देतात. क्लिनिकल शनिवार-रविवारी असणारेही प्रोग्रॅम आहेत.

---

उपकेंद्र

मी विदर्भात एएनएम आहे, अकरा वर्षं. कोयनाकाठताई, तुमचं वाचून अंगावर काटा आला. माझा प्रश्न जरा वेगळा आहे, एएनएमवर डायरेक्ट अमेरिकेच्या आरएनची परीक्षा देता येते का? इकडे एक एजंट म्हणतो देता येते, फक्त ऑनलाईन कोर्स करा, दोन लाख.

---

फळा_खडू

उपकेंद्रताई, देऊ नका. एक रुपयासुद्धा देऊ नका. बाहेरच्या देशातून एनक्लेक्स-आरएनला बसायला तिथल्या जनरल नर्सचं शिक्षण आणि नोंदणी लागते, म्हणजे आपल्याकडे जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग. मेडिकल-सर्जिकल, बाळंतपण, मुलांचं आणि मानसिक आजारांचं नर्सिंग, या सगळ्यांचे थिअरी आणि क्लिनिकलचे तास कागदावर दाखवावे लागतात. एएनएमच्या कोर्समध्ये ते तेवढे नसतातच, कारण तो कोर्स वेगळ्या कामासाठी आहे.

---

कृष्णामाई

उपकेंद्रताई, मी एएनएमची जीएनएम झालेय, सांगलीकडची. नोंदणी असलेल्या एएनएमला जीएनएमला प्रवेश घेता येतो, बारावी कुठल्या शाखेची हे आपल्याला आडवं येत नाही. तीन वर्षं मात्र हजेरी लावून करावं लागतं, घरून होत नाही. मी तेव्हा नोकरी सोडली, सासरे म्हणाले तू शीक मी म्हशी बघतो, आणि खरंच बघितल्या. जीएनएमनंतर पोस्ट बेसिक बीएस्सी आहे दोन वर्षांची. नोकरीतल्यांसाठी इग्नूचा पण होता, त्याला जीएनएमनंतर दोन वर्षांचा अनुभव मागतात, सध्या जवळ सेंटर आहे का ते बघून घ्या. मेसेज करा, माझ्या वह्या आहेत अजून.

---

उपकेंद्र

कृष्णामाई, मेसेज केलाय. एजंटला नाही म्हणून सांगितलं आत्ताच.

---

वाटसरू७७

एक शंका. अमेरिकेत काही शाळा सहा महिन्यांत कागद देतात असं ऐकलंय, पैसे जास्त पण वेळ वाचतो. एलपीएनला सगळं काम येतंच की, मग परीक्षा पास झाल्याशी मतलब. एवढा कुटाणा कशाला?

---

फळा_खडू

वाटसरू, हे वाक्य मी दर वर्षी ऐकते म्हणून सविस्तर लिहिते. जानेवारी २०२३ मध्ये फ्लोरिडात केंद्र सरकारच्या तपास यंत्रणांनी ऑपरेशन नाइटिंगेल नावाची कारवाई जाहीर केली. दक्षिण फ्लोरिडातल्या तीन शाळांकडून ७,६०० च्या वर खोटे डिप्लोमा विकले गेले होते. त्यावर लोक एनक्लेक्सला बसले, काही पास होऊन देशभर नोकरीलाही लागले. २५ जणांवर गुन्हे दाखल झाले, आणि वेगवेगळ्या राज्यांच्या बोर्डांनी एकेकाचं लायसन्स काढून घ्यायला सुरुवात केली. विकत घेणाऱ्यांत आधीच एलपीएन असलेली माणसं होती. त्यांना काम येत होतं, आणि आता जे लायसन्स हातात होतं तेही धोक्यात. कुणी म्हणालं वर्गात या नको, हॉस्पिटलात या नको, फक्त पैसे द्या, तर फोन ठेवायचा.

आणि सगळं काम येतं हेही खरं नाही. कोयनाकाठ, हे तुमच्यासाठीपण लिहितेय. एलपीएनला आरएनच्या परीक्षेत सगळ्यात जड काय जातं माहितीये? तिची चांगली सवय. समजा प्रश्न असा: ऑपरेशन होऊन सहा तास झालेत, दुपारी बीपी १३०/८० होतं, आत्ता ९८/६०, नाडी जलद, पोटावरची पट्टी कोरडी. आधी काय कराल? माझ्या वर्गातले एलपीएन हटकून सांगतात, सर्जनला कळवू. कारण इतकी वर्षं बरोबर वागणं म्हणजे बघणं आणि वर कळवणं. पण आता वर कुणी नाही, तुम्हीच आरएन. पेशंटला कुशीवर वळवा आणि पाठीखाली हात घाला, रक्त उतारावर जातं, पट्टी कोरडी आणि चादर भिजलेली असू शकते. मग फोन, आणि फोनवर सांगायला हातात काहीतरी. हाच प्रश्न फिरवून विचारतात: यातलं कुठलं काम एलपीएनला द्याल? पहिली तपासणी, शिकवणं, परिणाम झाला का ते ठरवणं, ही कामं देता येत नाहीत.

---

कोयनाकाठ

मॅडम, मी हे तीनदा वाचलं. मीपण मनात सर्जनला कळवू असंच म्हटलं होतं.

---

ओंटारिओवाली

कॅनडाचं थोडक्यात सांगते, इकडून कुणी वाचत असेल तर. ओंटारिओत प्रॅक्टिकल नर्सला आरपीएन म्हणतात. २०१५ पासून इथंही आरएनसाठी एनक्लेक्स-आरएनच आहे, आणि २०२२ पासून आरपीएनची रेक्स-पीएन. पण आरएन व्हायला इथं नर्सिंगची पदवी लागते, त्यामुळे ब्रिज केल्याशिवाय गत्यंतर नाही. अल्बर्टाच्या अथाबास्का युनिव्हर्सिटीत एलपीएननंतर बीएन, म्हणजे नर्सिंगची पदवी, आहे, थिअरी घरून पण क्लिनिकल प्रत्यक्ष. मी बर्फात गाडी चालवत क्लिनिकलला जायचे, पोळीभाजी गाडीतच. इतकंच.

---

अमोल_ठाणेकर

माझी बायको एलपीएन आहे, सध्या ब्रिजच्या दुसऱ्या सेमिस्टरला. मी आयटीत. मला यातलं काही कळत नाही पण घरच्यांनी काय केलं तर मदत होते ते सांगाल का? ती मागत नाही काही, पण परवा मी बघितलं ती जिन्यात बसून वाचत होती, कारण हॉलमध्ये टीव्ही चालू होता.

---

क्वीन्सकर मावशी

अमोल, किती बरं वाटलं वाचून. हे कर. रविवारी सकाळी आठ ते बारा मुलांना घेऊन घराबाहेर जा. बाहेर म्हणजे बाहेरच, वरच्या खोलीत नाही. दर रविवारी, पाहुणे आले तरी. आणि तिला विचारू नकोस काय मदत करू, कारण ते ठरवायचंही काम तिच्यावरच पडतं. भाजी आणणं, निवडणं, डबे भरणं यातलं एक पूर्ण उचल. आणि परीक्षेच्या आधी पंधरा दिवस भारतातून आलेले फोन तू घे.

---

अमोल_ठाणेकर

या रविवारपासून. टीव्ही कालच आत हलवला.

---

निशिगंध_टेक्सास

मी इथं एलव्हीएन होते (टेक्सास आणि कॅलिफोर्नियात एलपीएनला एलव्हीएन म्हणतात), मागच्या वर्षी एनक्लेक्स-आरएन झाली. परीक्षेचं स्वरूप लिहिते कारण इंटरनेटवर जुनी माहिती फार आहे.

१ एप्रिल २०२३ पासून नवीन स्वरूप आलं. कमीत कमी ८५ प्रश्न, जास्तीत जास्त १५०, वेळ पाच तास. कॉम्प्युटर तुमच्या उत्तरावरून पुढचा प्रश्न ठरवतो, बरोबर आलं की अवघड, चुकलं की सोपा, आणि त्याची खात्री पटली की बंद होतो, त्यामुळे ८५ ला बंद पडला म्हणून लगेच आनंद पण नको आणि १५० पर्यंत गेला म्हणून रडणं पण नको. पंधरा प्रश्न धरतच नाहीत पण कुठले ते कळत नाही. तीन केस स्टडी, प्रत्येकी सहा प्रश्न: पेशंटच्या नोंदी समोर असतात, त्यातलं काय खटकतं, त्याचा अर्थ काय, आधी कशाकडे बघाल, काय काय करता येईल, काय कराल, आणि केल्यावर फरक पडला का. लागू ते सगळे निवडा असले प्रश्न आधी कर्दनकाळ होते, आता त्यात अर्धवट बरोबरला अर्धवट गुण मिळतात. फी २०० डॉलर, बोर्डाची वेगळी. नापास झालं तर ४५ दिवस थांबायचं.

अभ्यास: रोज ५० प्रश्न आणि प्रश्नांपेक्षा दुप्पट वेळ त्यांची स्पष्टीकरणं वाचायला. बरोबर आलेल्याचंपण वाचायचं! मी पहिले दोन महिने पुस्तक उघडलंच नाही, सरळ प्रश्नच सोडवले.

---

फळा_खडू

निशिगंध, अभिनंदन, पण शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही. तुमचा पाया बहुतेक पक्का होता. ज्यांचा नाही ते नुसते प्रश्न सोडवून उत्तरं पाठ करतात, आणि परीक्षेत तोच आजार दुसऱ्या वेषात आला की ओळखत नाहीत. सोडियम, पोटॅशियम, आम्ल-अल्कली, इन्सुलिन, ही चार प्रकरणं आधी कागदावर स्वतःच्या भाषेत मांडता आली पाहिजेत, मग प्रश्न. डायबेटिक कीटोअॅसिडोसिसमध्ये इन्सुलिन सुरू केलं की साखरेबरोबर पोटॅशियमही पेशीत शिरतं, म्हणून रिपोर्टात ३.५ ते ५ च्या मध्ये छान दिसणारं पोटॅशियम तासाभरात खाली येऊ शकतं. हे ज्याला कळलं त्याला दहा प्रश्न वेगवेगळे वाटत नाहीत.

---

निशिगंध_टेक्सास

पटतंय मॅडम. मी एलव्हीएनच्या कोर्समध्ये पाया करून घेतला होता हे विसरलेच.

---

कोयनाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. स्वतःच्या भाषेत मांडण्यावरून माझी एक पद्धत सांगते, कुणाला उपयोगी पडली तर.

मला इंग्रजीत वाचलेलं इंग्रजीतच डोक्यात राहतं आणि दोन दिवसांनी उडून जातं. म्हणून शिफ्ट संपल्यावर गाडीत बसून गावी आईला फोन करते, तिकडे सकाळ असते, ती चुलीपाशी चहा करत असते, आणि मी तिला एक आजार समजावून सांगते. मराठीत. ती सातवी शिकलीय. तिला पटलं तर मला आला.

हार्ट फेल्युअर सांगताना म्हटलं, आई, समज मळ्यात पाणी ओढायच्या दोन मोटारी आहेत. उजवी अंगातलं वापरलेलं पाणी ओढते आणि फुप्फुसांकडे टाकते. डावी तिथलं ताजं पाणी ओढते आणि सगळ्या रानाला देते. डावी थकली तर पाणी मागं कुठं तुंबणार? म्हणाली, फुप्फुसात. म्हणून दम लागतो, आडवं झोपवत नाही, उशा लागतात. उजवी थकली तर? म्हणाली, मग रानातच साचलं की, पाय सुजणार. मी गाडीत एकटी टाळ्या वाजवत होते. मग तिनेच विचारलं, मोटर जळायच्या आधी गरम होती, आवाज बदलतो, तसं माणसाचं काही आधी कळतं का गं? तर हो, वजन. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खायच्या आधी, त्याच काट्यावर. दिवसात दोनतीन पौंड किंवा आठवड्यात पाच पौंड वाढलं की डॉक्टरांना फोन. हे मी आता जन्मात विसरणार नाही. आणि आई रोज शेजारच्या काकूंना, ज्यांचे पाय सुजतात, वजन केलं का विचारते, त्यांनी काटा आणलाय विकत.

बाकी ठरलं ते असं. बोर्डाला ईमेल टाकलाय दोन प्रोग्रॅमची नावं घालून. कम्युनिटी कॉलेजच्या माहिती सत्राला पुढच्या मंगळवारी जातेय. आणि तोवर हातात आहे ते, मॉडर्न स्टेट्सवर सायकॉलॉजी सुरू केलंय. त्या खोक्यातलं सायकॉलॉजीचं पुस्तक पण वापरतेय, पैसे दिलेत तर वाचणारच.

---

क्वीन्सकर मावशी

आईला माझा नमस्कार सांग. वाखुसा (वाचनखूण साठवली).

---

ओंटारिओवाली

मोटारी माझ्या आख्ख्या स्टडी ग्रुपला सांगितल्या. एक पंजाबी आणि एक मल्याळी, दोघींच्या घरी शेती, दोघींना लगेच कळलं.

---

कोयनाकाठ

पाच आठवड्यांनी लिहितेय. बोर्डाचं उत्तर आलं, लेखी. दोनपैकी एका प्रोग्रॅमला हो, दुसऱ्याबद्दल म्हणाले क्लिनिकल तासांचा तपशील पाठवा, म्हणजे तो सोडलाच. कम्युनिटी कॉलेजात ब्रिज आहे, पण अॅनाटॉमी पाच वर्षांच्या आतली मागतात, माझी सातची झालीय, ती पुन्हा करावी लागणार लॅबसकट. उन्हाळ्यात करेन म्हणतेय. फळा_खडू मॅडम, अॅनाटॉमीचे दोन्ही भाग एकाच उन्हाळ्यात घ्यावेत का?

क्लेप या शनिवारी, सकाळी नऊला.

---

फळा_खडू

नोकरी चालू ठेवून दोन्ही नको. एक उन्हाळ्यात, दुसरा सप्टेंबरपासून. दोन्ही एकदम घेऊन सी मिळाला तर प्रवेशाच्या यादीत मागे पडाल. शनिवारसाठी ओळखपत्र आणि परीक्षेचं तिकीट आदल्या रात्रीच पिशवीत ठेवा. मार्क तिथंच पडद्यावर दिसतील.

---

उपकेंद्र

ताई, शुभेच्छा. माझा जीएनएमचा फॉर्म भरला, कृष्णामाईंनी बसवून भरून घेतला फोनवर.

---

अमोल_ठाणेकर

शनिवारी इथं लिहा. बायको रोज विचारते त्या कराडच्या ताईंचं काय झालं.

---

कोयनाकाठ

६१ आले!! सेंटरच्या पार्किंगमधून लिहितेय. तीनला ड्यूटी आहे. आईचा फोन लागत नाहीये, बहुतेक रेंज गेलीय तिकडे.